‘जरा धर गं’ म्हणतात तेव्हा

कुरुंदवाडच्या एका भगिनीचं पत्र या आठवड्यात हाती आलं. लोणच्याची आणि शिवणाची पत्रं बाजूला ठेवून त्याला आधी उत्तर द्यावं असं वाटलं. त्या लिहितात : “आमची जुनी मारुती २०१९ च्या महापुरात पाण्यात होती, २०२१ ला परत एकदा. इंजिनाचं काम करून घेतलं, पण खालचा पत्रा गंजत गंजत आता पायाखालचा रस्ता दिसायला लागलाय. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून यजमानांनी वेल्डिंगचं छोटं यंत्रच घरी आणलं. दर रविवारी अंगणात काम चालतं. मी टॉर्च धरायचा, पत्रा धरायचा, मुलं कडेला बसून बघणार. परवा मध्यरात्री धाकट्याने डोळ्यांत वाळू गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी डोळ्यांत दूध सोडलं. हे बरोबर आहे का? आणि हे यंत्र घरात राहू द्यावं का?”

पत्र एकीचं असलं तरी प्रश्न अनेक घरांतला आहे. पूर्वी वेल्डिंग म्हटलं की उद्यमनगरातली दुकानं, शिरोलीचे नाहीतर गोकुळ शिरगावचे कारखाने. आता शिवणयंत्रापेक्षाही लहान, हातात उचलून नेता येईल एवढं यंत्र मिळतं आणि घरच्या विजेवर चालतं. त्यात आपलं कोल्हापूर! बाबूराव पेंटरांनी जिथे सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्या गावात नवऱ्याला “गाडीचा पत्रा तेवढा बाहेरून लावून आणा” म्हणणं सोपं नाही. शिवाय गाडीला १५ वर्षं झाली की आरटीओकडे पुन्हा पासिंगला न्यायची असते. तळाला भोकं असलेली गाडी तिथे दाखवणार कशी? तेव्हा घरोघरच्या रविवारांना कारण आहे. मी काही यंत्राच्या विरुद्ध नाही. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई; पण हा विषय आमच्या शास्त्राच्या सरांकडून आणि उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडून नीट समजून घेतला आहे, तो तुमच्यापुढे ठेवते.

आधी डोळ्यांचं. वेल्डिंगच्या उजेडात आपल्याला दिसतो तो लखलखाट असतोच, पण न दिसणारे अतिनील किरणही असतात, आणि तेही भरपूर. उन्हाने कातडी भाजते तसा या किरणांनी डोळ्याचा पुढचा नाजूक पडदा भाजतो. गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की त्या वेळी काहीच दुखत नाही. सहा-आठ तास जातात, कधी बारा. मग रात्री डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं टोचायला लागतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही, पापण्या उघडत नाहीत. सकाळी अकराला बघितलेला उजेड आणि रात्री एकला आलेली कळ, यांची सांगड कोण घालणार? म्हणून घरात सगळे म्हणतात, डोळे आले. आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या घराशेजारी ग्रिल-गेटचं दुकान. सोमवारी त्याचे डोळे लाल दिसले की बाकीची मुलं “साथ आली” म्हणून लांब बसायची. साथ कुठली? रविवारचा करमणुकीचा खेळ होता तो.

तेव्हा कुरुंदवाडच्या ताई, तुमच्या धाकट्याला झालं ते बहुतेक हेच. दिलासा एवढा की हे भाजणं साधारण एक ते तीन दिवसांत भरून येतं. पण दूध नको. गुलाबपाणी नको, मध नको, कांद्याचा रस तर नकोच. कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायचाही रिवाज आहे, तोही सोडा. खरचटलेल्या गुडघ्यावर आपण दूध ओतत नाही. डोळ्याचा पडदा या वेळी त्या गुडघ्यासारखाच सोलवटलेला असतो आणि दुधातले जंतू तिथे सहज घर करतात. सासूबाईंना मात्र दुखवू नका. स्वच्छ मऊ सुती फडकं गार पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर त्यांनाच ठेवू द्या. हात त्यांचाच, माया त्यांचीच. दूध तेवढं चहाला राहू दे. खोलीत अंधार करा, डोळे चोळू देऊ नका, कोणी डोळ्यांत लेन्स घालत असेल तर ती काढून ठेवायला सांगा, आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. एक गोष्ट मुद्दाम लिहिते. डोळा बधिर करणारे थेंब काही कारागीर खिशात बाळगतात. थेंब घातला की कळ जाते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. असे थेंब पुन्हा पुन्हा घातले तर जखम भरतच नाही, नजरेला कायमची इजा होऊ शकते. कोणी प्रेमाने दिले तरी घेऊ नका.

आणि दुखणं एकाच डोळ्यात असेल, काहीतरी आत रुतल्यासारखं वाटत असेल, तर तो निराळा प्रकार समजा. तो लोखंडाचा कण असू शकतो. रुमालाच्या टोकाने, काडीने, नाहीतर लोहचुंबकाने काढायला जाऊ नका. डोळ्यावर दाब येणार नाही अशी वाटी किंवा कागदी पेला झाकून सरळ दवाखाना गाठा. असा कण नकळत आत राहिलेला असला आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर त्या यंत्राच्या चुंबकाने तो आत सरकतो. म्हणून तिथे विचारतात, लोखंडाचं काम केलंय का कधी. तेव्हा खरं सांगायचं.

आता माझा मुख्य मुद्दा. वेल्डिंग करणाऱ्याच्या तोंडावर निदान मुखवटा तरी असतो. कामात मुरलेला माणूस विनामुखवट्याचा उजेडाकडे बघत नाही, कारण त्याला एकदा अद्दल घडलेली असते. भाजते ती शेजारी उभी राहिलेली. “जरा धर गं” म्हणून हाक येते, आपण पोळ्या टाकून हात पुसत जातो, पत्रा धरतो आणि तोंड फिरवून उभ्या राहतो. तोंड फिरवल्याने भागत नाही. तो उजेड चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून, चकचकीत फरशीवरून, गाडीच्याच रंगावरून उलटून कडेने डोळ्यात येतो. मानेवर, गळ्यापाशी, कोपरापर्यंतच्या उघड्या हातावर तोच पडतो आणि संध्याकाळी कातडी लाल होते. उन्हाचा साधा काळा चष्मा घातला म्हणून काही साधत नाही, त्याच्या कडा उघड्याच असतात.

मग काय करायचं? जो धरतो त्यालाही मुखवटा, हा घरचा नियम करायचा. एक यंत्र आणलं तर मुखवटे दोन आणायचे. काचेला नंबर असतो. घरच्या यंत्राने करायच्या कामाला साधारण १० किंवा ११ नंबरची काच लागते. गॅस-वेल्डिंगवाल्यांचा गोल गॉगल ५ नंबरच्या आसपासचा असतो, तो विजेच्या वेल्डिंगला चालत नाही. स्वस्त म्हणून नेमका तोच घेतला जातो, म्हणून नंबर वाचूनच घ्या. (ग्रहण बघायला सांगतात ती काच १४ नंबरची. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण कारवार-हुबळीच्या बाजूने गेलं. त्या दिवशी रस्ते ओस होते आणि कारखान्यातल्या एका काकांनी आणलेल्या काचेतून गल्लीने आळीपाळीने सूर्य पाहिला, असं आई सांगते.) आता आपोआप काळी होणाऱ्या काचेचे मुखवटेही मिळतात. सोयीचे आहेत, पण घेताना त्यावर मानकाची खूण आहे का ते बघा, आणि तडा गेलेली काच वापरू नका.

त्याहून बरं म्हणजे आपण धरूच नये. पत्रा धरायला क्लॅम्प मिळतात, टॉर्चऐवजी जमिनीवर ठेवायचा दिवा मिळतो. क्लॅम्पची किंमत काहीशे रुपयांत असते, आणि क्लॅम्पचे डोळे रात्री दुखत नाहीत. मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, “वैनी, बायकूच्या हातातनं पत्रा हलतुयच की! त्यापरीस किलांप लई ब्येस.” म्हणजे कामाच्या दृष्टीनेही तेच चांगलं. यजमानांना पटवायला हे वाक्य वापरायला हरकत नाही.

मुलांचं काय? त्यांना हाकलून ती जात नाहीत. वेल्डिंगच्या लखलखाटाइतकं मोहक दुसरं काही नसतं. म्हणून आडोसा करायचा. जुना पत्रा, जुन्या कपाटाचं लोखंडी दार, जाड ताडपत्री काहीही चालेल. निळा प्लास्टिकचा कागद मात्र नको, तो ठिणगीने पेटतो. आणि काम सुरू करणाऱ्याने प्रत्येक वेळी मोठ्याने “डोळे!” म्हणून ओरडायचं. आम्ही शाळेत धावण्याच्या शर्यतीला ‘तयार’ म्हणतो ना, तसं. मांजरा-कुत्र्यालाही त्या वेळी आत बांधा.

वेल्डिंग झाल्यावरचा क्षणही धोक्याचा असतो. जोडावर जी काळी खपली येते ती हातोडीने ठोकून काढतात. उजेड संपला म्हणून मुखवटा वर केलेला असतो आणि तीच तापलेली खपली टणकन उडून डोळ्यात जाते. त्या वेळी पांढऱ्या काचेचा, कडा बंद असलेला साधा चष्मा हवाच. पॉलिश करायचं फिरतं चाक चालवतानाही तोच हवा.

आता आगीचं. या बाबतीत तुम्हाला ‘नाही’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे असं मी मानते.

पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करायची नाही. रिकामी असली तरी नाही, धुतलेली असली तरी नाही, “वास पण येत नाही बघ” म्हणाले तरी नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त वाईट, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण पेट्रोल जळतं ते त्याच्या वाफेने. भरलेल्या टाकीत वाफेला आणि हवेला जागा कमी. रिकाम्या टाकीत दोन्ही मिसळून अगदी फटाक्याची दारू तयार असते. गंजलेल्या पत्र्याच्या खपल्यांखाली आणि सांध्यांत पेट्रोल मुरलेलं असतं, ते उष्णतेने बाहेर येतं. हीच गोष्ट तेलाच्या जुन्या पिंपाची, रंगाच्या डब्याची. दुरुस्ती करायचीच असेल तर टाकी काढून जाणत्या कारखान्याकडे द्यावी. नाहीतर दुसरी टाकी बसवावी. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली बंद झालं, तरी सुटे भाग बाजारात मिळतात.

टाकीजवळचा पत्रा लावायचा असेल तेव्हाही टाकी आणि तिच्या नळ्या आधी गाडीवरून उतरवून लांब नेल्या पाहिजेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत उताराकडे जाते, खड्ड्यात, मोरीत साचते. स्वयंपाकाच्या गॅसचंही तसंच. आपल्याकडे भरलेलं सिलिंडर मागच्या व्हरांड्यात ठेवायची रीत आहे, आणि गाडीचं कामही तिथेच चालतं. रविवारी कामाला हात लावण्याआधी सिलिंडर आणि त्याची नळी कुठे आहे ते आपणच बघितलं पाहिजे, कारण ते पुरुषांच्या लक्षात येत नाही. गाडीला सीएनजीचं किट असेल तर घरच्या वेल्डिंगचा विचारच सोडा.

ठिणग्या किती लांब जातात? अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत ३५ फुटांपर्यंत जळण्यासारखं काही असू नये असं आहे. आमच्या अंगणाची लांबीच तेवढी नाही! तुमचीही नसेल. म्हणजे दोरीवरचे कपडे, वाळत घातलेल्या शेंगा, कडबा, गोवऱ्या, वर्तमानपत्रांची रद्दी, सॅनिटायझरची बाटली हे सगळं त्या दिवसापुरतं हलवायचं. गाडीच्या आतल्या गाद्या आणि खालचा गालिचा काढून ठेवायचा. तळाला मारलेला डांबरी लेप पेटतो आणि त्याचा धूर घाणेरडा. वेल्ड करायच्या जागेभोवतीचा लेप आधी खरवडून काढावा लागतो. पुरात राहिलेल्या गाडीत दाराखालच्या पोकळ पट्टीत गाळ, पालापाचोळा, चिंध्या अडकलेल्या असतात. बाहेरून काही दिसत नाही आणि आत धुमसत राहतं.

धुमसणं हा शब्द लक्षात ठेवा. काम संपतं, यंत्र बंद होतं, सगळे हात धुऊन जेवायला बसतात आणि गाडीत आग लागते. त्याच अमेरिकी नियमांत पूर्वी काम संपल्यावर अर्धा तास राखण करावी असं होतं. २०१९ च्या आवृत्तीपासून तो काळ एक तास केला आहे. म्हणून शेवटचा जोड दुपारी बारानंतर लावायचा नाही आणि जेवण गाडी दिसेल अशा जागी घ्यायचं, असं एका मैत्रिणीच्या घरी ठरलेलं आहे. अंगणात पंगत बसते, आणि राखणही होते. जवळ वाळूच्या दोन बादल्या, पाण्याने भरलेली एक बादली, ओलं गोणपाट आणि आयएसआय खुणेचं कोरड्या पावडरचं आग विझवण्याचं नळकांडं ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, ते तरंगत पसरतं. यंत्राचा प्लग काढल्याशिवाय कशावरच पाणी टाकायचं नाही. आग विझवण्याच्या आटोक्यातली नाही असं वाटलं तर मुलांना घेऊन बाहेर, आणि १०१ ला फोन. गाडीसाठी जीव धोक्यात घालायचा नाही.

धुराविषयी थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण यात आपल्या कोल्हापूरच्या गुळाचा संबंध आहे. धुळीत, धुरात काम करणाऱ्याने संध्याकाळी गुळाचा खडा खावा, छाती साफ होते, असं आपण ऐकत आलो. हे अगदीच हवेतलं नाही. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली उंदरांवर प्रयोग करून, गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून कोळशाची आणि सिलिकाची धूळ जास्त प्रमाणात हलते असं मांडलं होतं. पण ते उंदीर होते आणि ती धूळ होती. वेल्डिंगच्या धुरात वितळलेल्या धातूंचे इतके बारीक कण असतात की ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. तेव्हा गूळ खावा, शेंगदाण्याबरोबर खावा, आवडीने खावा. पण धुरावरचा इलाज म्हणून नव्हे. काम उघड्यावर करावं, वारा पाठीकडून किंवा कडेने येईल असं बसावं, डोकं धुराच्या लोटात घालू नये. शटर ओढून बंद गाळ्यात तर मुळीच नाही. काही यंत्रांना कार्बन डायऑक्साइडचं किंवा आर्गॉनचं सिलिंडर जोडतात. बंद जागेत तो वायू साठला तर श्वास कोंडतो, आणि वास येत नसल्याने कळतही नाही.

दोन गोष्टी इथे निक्षून सांगते. गाडीच्या तळाला ठिगळ म्हणून घरातला उरलेला पन्हळी पत्रा कापून लावायची युक्ती फार लोक करतात. छपराच्या त्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगने जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. घरातले त्याला ‘पावसाळी ताप’ म्हणतात आणि पुढच्या रविवारी परत तेच. साधा, बिनमुलाम्याचा पत्रा विकत आणावा. दुसरी गोष्ट ब्रेक साफ करायच्या फवाऱ्याची. त्यातल्या काही द्रवांत क्लोरीनची संयुगं असतात. असा द्रव लावलेल्या जागेवर वेल्डिंग केलं तर उष्णतेने आणि त्या किरणांनी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तोच हा वायू. १९८४ च्या दुर्घटनेच्या वेळी भोपाळच्या कारखान्यात तो कच्चा माल म्हणून वापरला जात असे. याची बाधा कित्येकदा काही तासांनंतर दिसते. वेल्ड करायची जागा साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि फवाऱ्याचा डबा लांब ठेवा. कोणाला काम करताना खोकला, छातीत आवळल्यासारखं झालं तर ‘बरं वाटेल’ म्हणून वाट न बघता दवाखाना.

विजेबद्दल आपल्याला निम्मं तरी ठाऊक असतं. यंत्राच्या टोकाशी पन्नास ते ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते कळणार नाहीत, पण घामाने भिजलेल्या हाताला, ओल्या जमिनीवर गुडघे टेकलेल्या माणसाला ते पुरेसे आहेत. आणि आपला पाऊस! जूनमध्ये भुरभुर सुरू झाली की अंगण चार महिने वाळत नाही. ओल्या जमिनीवर आणि पावसात हे काम होणार नाही, हे एकदाच सांगून टाका. यंत्राला चांगलं अर्थिंग आणि १६ अँपियरचा प्लग हवा. मिक्सरच्या प्लगमध्ये कापूस खुपसल्यासारखी वायर खुपसून चालत नाही. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवू नका, सगळी उलगडा. गुंडाळीत ती तापते. विजेचा धक्का बसू लागताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी घरात बसवलेला नसेल तर यंत्राच्या आधी तो बसवून घ्या. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांनी यंत्राजवळ आणि त्याच्या वायरींजवळ जाऊ नये. त्यांच्या डॉक्टरांना विचारावं. गाडीच्या बॅटरीची तार आधी सोडायची असते, हे यजमानांना बहुधा माहीत असेल, तरी विचारा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने उडतो, म्हणून ती काढून आत नेऊन ठेवलेली उत्तम. एअरबॅग असलेल्या नव्या गाड्यांच्या अंगाला, पट्टा अडकवतात त्या जागेला, चासीला घरी हात लावू नये. तो पत्रा अपघातात आपल्याला वाचवायला असतो. चुकीचा जोड दिसायला जोड दिसतो आणि वेळेला सुटतो.

गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. विटा, दगड, लाकडी ओंडक्यांच्या उतरंडीवरही नाही. लोखंडी स्टँड मिळतात, दोन्ही बाजूंना लावायचे, चाकांना अडणं द्यायचं.

कपड्यांच्या बाबतीत आपला अधिकार कोणी नाकारणार नाही. टेरिकॉट, नायलॉन, पॉलिएस्टर हे सगळं वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती, खादी, जुनी जीन्सची पँट बरी. खालच्या दुमडीत ठिणगी साठते म्हणून दुमड उलगडलेली. शर्टाच्या खिशात लायटर नको. आपला पदर खोचलेला, आणि साडी सुतीच. पायात मात्र कोल्हापुरी चप्पल नको. तिचा कितीही अभिमान असला तरी तिच्या अंगठ्याशी भरपूर मोकळी जागा असते आणि वितळलेल्या लोखंडाचा थेंब नेमका तिथेच जातो. बंद चामडी बूट, हातात चामड्याचे लांब मोजे. रबरी नकोत.

तरीही भाजलंच, तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, २० मिनिटं. घड्याळ लावून. बर्फ नको, हळद नको, तूप नको, टूथपेस्ट नको, शाई नको. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखान्यात. मोठं भाजलं असेल, तोंडावर असेल तर १०८ ला फोन.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न : यंत्र घरात ठेवू द्यावं का? माझं मत असं की ठेवावं, पण यजमानांनी आधी शिकून यावं. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, त्यावर नवशिक्याचा हात बसत नाही; एका भोकाची चार होतात. कळंब्याच्या रस्त्यावर आपली सरकारी आयटीआय आहे. वेल्डरचा अभ्यासक्रम वर्षाचा असतो. तेवढं कोणी घरचं माणूस शिकणार नाही, हे मलाही कळतं. पण ओळखीच्या मिस्त्रीकडे चार रविवार उभं राहून, टाकाऊ पत्र्याच्या तुकड्यांवर जोड लावून, ते जोड हातोडीने तोडून बघायला काय हरकत आहे? तोपर्यंत तुमच्या मारुतीच्या तळाला हात लावू नये. गाडी दोन महापूर सोसून उभी आहे, आणखी महिनाभर थांबेल. आणि तो दुसरा मुखवटा आला का, ते मला पत्राने जरूर कळवा.